पुरात भिजलेला तानपुरा: दुरुस्तीच्या नोंदी

तानपुरा माझ्या आत्याचा. मिरजेत बनलेला, बायकांच्या पट्टीचा, काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आत्याचं घर गावभागात. माणसं वेळेत निघाली, तानपुरा राहिला. ओळखीच्या घरांत अशी वाद्यं अजून माळ्यावर पडून आहेत. कुणी खाली उतरवायचं मनावर घेतलं तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी.

३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीजेला आत्याकडे सगळे जमलो होतो, तेव्हाच तानपुरा गाडीत घालून विश्रामबागेत माझ्या घरी आणला. संध्याकाळी चादरीतून काढून नीट पाहिला.

भोपळ्याला वीतभर उभी चीर. भोपळा आणि गळा यांचा सांधा अर्धा उघडलेला, करंगळी जाईल एवढी फट. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, एका कडेने उचललेली. पॉलिश जागोजाग पांढरं. खुंट्या फुगून बसलेल्या, त्यातली एक हलायलाच तयार नाही. दांडीवर दोरी ताणून पाहिली, तर बाक नाही. दांडी वाकलेली असती तर हे काम हातात घेतलं नसतं.

चीर पाण्याने पडलेली नाही. पूर ओसरल्यावर भांडी, गाद्या, पुस्तकं यांच्याबरोबर तानपुराही गच्चीवर उन्हात ठेवला होता. भिजलेला भोपळा उन्हात एकदम आकसतो आणि फाटतो. वाद्य भिजलंच तर तारा लगेच सैल कराव्यात, सावलीत वारा लागेल असं उभं करावं आणि महिनाभर विसरून जावं.

आधी एका दुकानात दाखवला होता. भोपळा नवा, तबली नवी, पॉलिश नवं, अठरा हजार. तसं केलं असतं तर आत्याच्या तानपुऱ्याची फक्त दांडी उरली असती.

१० नोव्हेंबर

मिरज. सतारमेकर गल्लीजवळ एका कारागिराचं घर गाण्याच्या क्लासमधल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. त्यांना इथं चाचाच म्हणते. सगळी गल्ली तेच म्हणते.

पुढची खोली म्हणजे कारखाना, मागे स्वयंपाकघर, मधे पडदा. माळ्यावर वाळलेले भोपळे एकावर एक. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, कडू जातीचे, खायच्या कामाचे नव्हेत. खाली जमिनीवर तासलेल्या तून लाकडाच्या दांड्या भिंतीला टेकवलेल्या. नातू एका उपड्या भोपळ्याला पाठ लावून पाढे लिहीत होता.

चाचांनी तानपुरा मांडीवर आडवा घेतला आणि बोटाच्या पेराने भोपळा ठोकत ठोकत फिरवला. चिरेजवळ आवाज बसका, बाकी सगळीकडे टणक. मग तबली ठोकली, मग गळा. खुंट्यांकडे तर त्यांनी पाहिलंही नाही.

‘‘ताई, भोपळा मेला न्हाई अजून. नवा कशाला घालताय?’’

व्यवहार असा ठरला. उघडणं, सांधे, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) आणि जवारी (नाद खुलावा म्हणून घोडीची पाठ घासणं) त्यांच्याकडे. सफाई, आतलं कापड, पॉलिश मी करायचं, पण प्रत्येक टप्पा त्यांना दाखवून. त्यांच्याकडे पुण्याच्या ऑर्डरी होत्या, म्हणून रविवारी सकाळी किंवा रात्री जेवणं झाल्यावर यायचं. मजुरी साडेसात हजार. मी घासाघीस केली नाही.

१७ नोव्हेंबर

तबली उघडली. जुन्या कामात सांधे सरसाने, म्हणजे हाडा-कातड्याच्या डिंकाने, जोडलेले असतात. ऊब आणि ओल मिळाली की सरस सुटतो, म्हणून वाद्य पुन्हा उघडता येतं. पुरात सांधे उकलले तेही याच गुणामुळे, आणि सुटले ते लाकूड न फाडता सुटले. चाचांनी गरम पाण्यात पिळलेलं फडकं कडेला धरलं आणि पातळ सुरी तव्यावर तापवून आत सरकवली. तीन बाजू सहज सुटल्या. चौथी सुटेना. तिथं कुणीतरी मधल्या काळात पांढऱ्या डिंकाने, म्हणजे फेविकॉलसारख्या कशाने, दुरुस्ती केली होती. ती कड उचलताना लाकडाचे पापुद्रे निघाले. सकाळ तिथंच गेली.

भोपळ्याच्या आत गाळ. वाळून त्याची बारीक पापडी झालेली, आणि पाणी कुठवर चढलं होतं त्याची तपकिरी रेघ आतून गोल फिरलेली. रेघेखालचा भाग नखाने दाबला तर किंचित दबत होता, वरचा टणक. हा फरक चाचांनी मला दोनदा हात लावून दाखवला, कारण आतलं कापड कुठं लावायचं ते यावर ठरणार होतं.

गाळ ओल्या फडक्याने पुसू नका. तो भोपळ्याच्या रंध्रांत शिरतो. मी दात घासायच्या जुन्या ब्रशने कोरडाच काढला, मग व्हॅक्यूम क्लीनर. दोन संध्याकाळी पुरल्या.

२४ नोव्हेंबर

भोपळ्याचं तोंड लंबगोल झालंय, गळा त्यावर बसत नाही. नवीन भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, मग तोंडात काड्या अडकवून हवा तो आकार देतात आणि तसाच वाळवतात. आमचा आधीच एकदा भिजून फाटलेला, त्यामुळे बुडवायची हिंमत चाचांनाही नव्हती. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला. मऊ पडल्यावर आत बांबूच्या तीन काड्या बसवल्या. दर दिवशी काडी बदलायची, आधीच्यापेक्षा गव्हाच्या दाण्याइतकी लांब.

हे रोजचं काम चाची करत होत्या. भोपळा त्यांच्या न्हाणीघराच्या बाहेरच्या कट्ट्यावर होता, आणि सकाळी पाणी भरून झालं की गोणपाट बदलायचं असा त्यांचा क्रम. बाहेरच्या गिऱ्हाईकाला नाव चाचांचंच माहीत असतं. पण काडी आज बदलायची की उद्या, हे चाचीने तोंडावरून तळवा फिरवून ठरवलं. मी होते त्या दिवशी चाचा ‘आज’ म्हणाले, त्या म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ दे, अजून ओढतंय.’’ राहू दिलं. आदल्या दिवशीच्या काडीशेजारी बारीकशी रेष दिसत होती, ती दुसऱ्या दिवशी वाढली नाही. घाई केली असती तर तिथं दुसरी चीर पडली असती.

५ डिसेंबर

ढगाळ हवा. तासगावकडचे द्राक्षवाले डोक्याला हात लावून बसलेत, आणि माझं कापडही निघालं.

झालं असं. चीर आतून सुती कापडाने बांधायची होती. जुन्या धोतराच्या पट्ट्या मी पांढऱ्या डिंकाने चिकटवल्या, कारण तो बाटलीत तयार मिळतो. भोपळ्यात ओल अजून होती, वर दमट हवा. चौथ्या दिवशी पट्टी कडेने सुटली आणि खाली हिरवट बुरशी. सगळं खरवडून काढलं. भोपळा आता घरात पंख्याखाली, तोंड खाली करून विटांवर. ऊन पडेपर्यंत हात लावायचा नाही.

१५ डिसेंबर

हवा कोरडी झाली. आता सरस.

सरसाचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवले, सकाळी फुगून लिबलिबीत. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवायचा, थेट आचेवर कधीही नाही. उकळला की त्याची पकड जाते. वास उग्र असतो. चाचांच्या घरात यावर नियमच आहे: चुलीवर भाकरी असेपर्यंत सरस लावायचा नाही. त्यामुळे त्यांच्याकडे चिकटवायचं काम सकाळी अकरानंतर सुरू होतं आणि सांधे दुपारभर दाबात राहतात, संध्याकाळी कुणी उचलत नाही. चाचींनी नाकाला त्रास नको म्हणून घातलेला हा नियम सांध्यालाही मानवतो. मी घरी हेच वेळापत्रक धरलं.

कापड सरसात बुडवून, पिळून, चिरेच्या आडवं लावलं. पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवल्या. रेघेखालच्या मऊ भागात दुहेरी थर. कापड जाड घेऊ नका; भोपळा जड झाला की आवाज दबतो. नेसून नेसून विरलेलं धोतर किंवा साडी सगळ्यात चांगली. बाहेरून चिरेत लाकडाचा भुसा आणि सरस कालवून भरला. यावेळी ठोकल्यावर सगळीकडे एकच आवाज आला.

२९ डिसेंबर

तबलीवरून चाचा आणि त्यांच्या मुलाचं वाजलं. मुलगा कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो, रात्री दोन तास वडिलांच्या हाताखाली. त्याचं म्हणणं, तबली नवी घाला, ही सरळ करण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात दोन नव्या होतात, आणि मजुरी वेळेचीच मिळते. हिशेबाने त्याचं चुकत नाही. चाचा म्हणाले, इतकी वर्षं वाजलेलं लाकूड आहे, नव्याला तसं बोलायला कितीतरी पावसाळे जातील. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं. मी जुनी ठेवा म्हटलं आणि वाढलेल्या वेळाचे हजार रुपये वेगळे द्यायचं कबूल केलं. मुलानेच मग तबली आतून ओलसर करून दोन फळ्यांमध्ये दाबली, वर पाट्याचा दगड.

१२ जानेवारी २०२५

तबली बऱ्यापैकी सरळ झाली. एका कडेला किंचित लाट राहिली आहे, ती राहणार.

गळ्याचा सांधा जुळला. मिरजेच्या तानपुऱ्यात गळ्यापासून भोपळ्यावर लाकडाची कोरीव पानं उतरतात. ती शोभेची असतात, शिवाय सांध्याची पकडही वाढवतात. आमची दोन पानं पुरात गेली. ती नव्याने कोरायचं काम सूनबाईंनी केलं, आणि आजची नोंद खरं म्हणजे त्यांच्याबद्दल आहे.

नवऱ्याचा डबा, मुलाची शाळा, सासूबाईंचं औषधपाणी उरकून त्या दीड वाजता पुढच्या खोलीत येतात. चारला मुलगा परत येतो. मधला वेळ त्यांचा. मला वाटलं होतं उरलेल्या पानांचा छाप कागदावर घेतील. त्यांनी कागद घेतलाच नाही. शेजारच्या जुन्या पानावरून डोळे मिटून अंगठा फिरवला, देठापासून टोकापर्यंत, दोन-तीनदा. मग तून लाकडाच्या पातळ तुकड्यावर पेन्सिलीने एका ओढीत कड काढली. पटाशी अगदी अरुंद. ती ढकलताना डाव्या हाताचं बोट पात्याच्या पुढे टेकलेलं, म्हणजे पातं निसटलं तर बोटाला लागेल असं. मी घाबरून विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘बोट तिथं असलं की हात आपोआप सांभाळून चालतो.’’ शिरा कोरताना त्यांनी मधली शीर सरळ न ठेवता थोडी डावीकडे झुकवली, कारण जुन्या कारागिराने तशीच झुकवली होती. मी एवढे महिने हा तानपुरा हाताळतेय, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या मेंदी काढत असत लग्नाआधी. इथं आल्यावर पहिली काही वर्षं फक्त पॉलिश पेपर मारायचं काम होतं. एका दिवाळीत ऑर्डर अडली आणि कुणी मोकळं नव्हतं, तेव्हा पटाशी हातात आली. आता पुण्या-मुंबईला जाणाऱ्या तानपुऱ्यांवर त्यांची पानं असतात. त्यांचं नाव मात्र बिलावर कधी आलेलं नाही. आमच्या तानपुऱ्याच्या आत, तबली बंद करायच्या आधी, चाचांच्या नावाखाली त्यांचं नाव लिहा असं मी म्हटलं. चाचा क्षणभर थांबले आणि पेन्सिल त्यांच्याकडे दिली.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांपासून, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातून, सुरू झालेल्या या कामाची सरकारदरबारी नोंद झाली याचा चाचांना मनापासून आनंद आहे. मला वाटतं, या मानांकनात अशा दुपारच्या अडीच तासांचीही नोंद हवी.

२६ जानेवारी

पॉलिश. माझं काम, माझ्या गॅलरीत.

चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवली, मलमलच्या फडक्यातून गाळली. कापसाचा गोळा मलमलमध्ये गुंडाळून गादी करायची, तिच्यावर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब, म्हणजे ती अडकत नाही. हात थांबवायचा नाही. थांबला की तिथं डाग. थर पातळ द्यायचे आणि मधे सुकू द्यायचं. जाड थर देऊन वेळ वाचत नाही, तो चिकट राहतो आणि त्यावर बोटांचे ठसे उमटतात.

सकाळी लवकर सुरू केलं तेव्हा दव होतं, आणि पहिल्या हातातच पॉलिश पांढरं पडलं. ओल थरात अडकते. दुपारी ऊन चढल्यावर नुसत्या स्पिरिटची गादी अलगद फिरवली, पांढरेपणा गेला. जानेवारीत अकरा ते चार हीच वेळ ठेवा. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

रंग नवा दिला नाही. जिथं आत्याचा हात टेकायचा तिथं दांडी फिकी पडली आहे, ती तशीच ठेवली.

९ फेब्रुवारी

खुंट्या. अडलेली खुंटी चाचांनी आतून लाकडाची काठी लावून, एक हलकी टप्पल मारून काढली. मी गेले तीन महिने ती पिळत होते, त्यात तिचं डोकं सैल झालंय. पिळू नका. खुंट्यांना खडूची पूड लावली, आता फिरतात आणि थांबतात.

तारा चढवल्या: तीन पोलादी, म्हणजे पंचमाची एक आणि मधल्या जोडीच्या दोन; खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची, पितळेची. दोन दिवस अर्ध्याच ताणावर ठेवल्या. सांधे गप्प राहिले.

२३ फेब्रुवारी

जवारी. रात्री नऊनंतर गेले, कारण त्याआधी गल्लीत रिक्षा, शिट्ट्या, टीव्ही असतात आणि जवारी कानानेच काढावी लागते.

घोडी हाडाची, जुनीच. तिच्या पाठीवर इतक्या वर्षांत तारांनी चार खाचा पाडल्या होत्या. तार खाचेत अडकली की ती घोडीला हळूहळू सोडत नाही, एकदम सोडते, आणि आवाज ठक्कन उमटून विझतो. आधी सगळी पाठ घासून एकसारखी केली. मग खरं काम. पाठीला पुढच्या बाजूला इतका हलका उतार द्यायचा की डोळ्यांना तो सपाटच दिसतो. चाचा कानस एकदा ओढत, फुंकर मारत, घोडी तारांखाली सरकवून खर्ज छेडत, ऐकत, पुन्हा काढत. दर वेळी चारही तारा लावायच्या. या लावण्यातच निम्मी रात्र जाते.

एका टप्प्यावर मला वाटलं झालं. आवाज भरला होता. पडद्यामागून चाचींचा आवाज आला, ‘‘दुसरी जोड बोलत नाही.’’ त्या भांडी घासत होत्या. चाचांनी त्या एका तारेखाली पॉलिश पेपरची पट्टी दोनदा ओढली. नातू अंथरुणातून म्हणाला, आता आली. तो सात वर्षांचा आहे. त्याला जवारी कुणी शिकवलेली नाही. तो झोपताना रोज हेच ऐकतो.

मग सूत. तारेखाली सुताचा धागा घालून मागेपुढे करत राहायचं. एका जागी आवाज उघडतो आणि तारेतून वरचे स्वर सुटे ऐकू येतात. पंचमाच्या तारेत ती जागा मिळाली तेव्हा चाचांनी हात काढून घेतला आणि मला छेडायला सांगितलं. खर्जातून गंधार स्पष्ट निघत होता. लहानपणी आत्याच्या मागे बसून ऐकलेला आवाज हाच होता का, ते मी सांगू शकत नाही. पण फोनवरच्या तानपुऱ्यावर रियाज करताना मी कुठं टेकू शोधत असते ते मला त्या रात्री कळलं. गायिका हीराबाई बडोदेकरांचा जन्म मिरजेचाच, १९०५ चा. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथंच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत. त्या गाण्याला पुरे पडतील असे कान या गल्लीत घरोघरी तयार होत आले आहेत, भांडी घासता घासता.

घरी करणाऱ्यांसाठी: जवारीला हात लावू नका. कानस एकदा जास्त ओढली गेली तर पाठ पुन्हा पहिल्यापासून सपाट करावी लागते, आणि हाड दर वेळी पातळ होतं. बाकी सगळं शिकून करता येईल.

९ मार्च

रमजान सुरू आहे. चाचांच्या घरचं काम आता तरावीहच्या नमाजानंतर रात्री चालतं, दिवसा फक्त लाकूड तासणं. त्यामुळे दाखवायला न नेता आत्याच्याच घरी दोन आठवडे वाजवून पाहिला. जवारी थोडी बसली, अपेक्षेप्रमाणे. सूत किंचित सरकवावं लागतं. तारांत ओवलेले मणी सरकवले की बारीक सुरात येतो आणि तासभर टिकतो.

खर्च: मजुरी साडेआठ हजार. चपडी, स्पिरिट, सरस, तारा, कापड, पेपर मिळून सुमारे अडीच हजार, त्यातले काही पहिल्या कापडावर वाया गेले. वेळ चार महिने, आणि त्यातला मोठा भाग नुसता सुकण्याचा.

राहिलेले दोष: तबलीच्या कडेची लाट, सैल डोक्याची खुंटी, चिरेवरचा भराव जवळून दिसतो. एप्रिल-मेच्या उन्हात चीर पुन्हा तोंड उघडते का ते पाहायचं आहे. उघडली तर आतून आणखी एक पट्टी, म्हणजे तबली पुन्हा काढणं आलं. म्हणूनच तबली सरसानेच बंद केली आहे.

आत्याच्या शेजारणीने परवा त्याच पुरातली एक सतार आणून ठेवली. दोरी लावून पाहिली, दांडीला बोटभर बाक. फोटो चाचांना पाठवला. दांडी गेली, असं त्यांनी कळवलं. भोपळा आणि खुंट्या मात्र ईदनंतर घेऊन या.